शत्रू वाईटच होता, मग सरकारने मारला तर बिघडले कुठे?

एखाद्या देशाने आपल्या शत्रूला परक्या भूमीवर गाठून ठार केले अशी बातमी आली की आपल्या व्हॉट्सॲप गटांत दोनच तऱ्हेचे संदेश फिरतात. 'बरे झाले, मेला' किंवा 'ही महासत्तांची दादागिरी'. पहिला संदेश मेलेल्या माणसाकडे पाहून लिहिलेला असतो, दुसरा मारणाऱ्या देशाकडे पाहून. आम्हाला वाटते, पाहायला हवे ते तिसरीकडेच. त्या माणसाला मारायचे हे कोणी ठरवले, कशाच्या आधारावर ठरवले, आणि ठरवणारा चुकला तर त्याला जाब कोण विचारणार?

आधी विषय नेमका करून घेऊ. रणांगणावर सैनिक सैनिकाला मारतो, त्याबद्दल आपण बोलत नाही. त्यासाठी युद्धाचे कायदे आहेत. इथे प्रश्न आहे तो नाव निश्चित करून, पाळत ठेवून, रणांगणाबाहेर एखाद्याला मारण्याचा. १९७५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीने उघड केले की सीआयएने क्युबाचे फिडेल कॅस्ट्रो यांना मारण्याचे किमान ८ कट रचले होते. त्यावर गदारोळ झाला आणि १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी राजकीय हत्येवर बंदी घालणारा आदेश काढला. १९८१ मध्ये रेगन यांनी ती बंदी कायम ठेवली. ती आजही लागू आहे. तरीही नोव्हेंबर २००२ मध्ये येमेनमध्ये ड्रोनने मोटार उडवून ६ जणांना मारले गेले आणि पुढे हा प्रकार नेहमीचा झाला. मग बंदीचे काय झाले? काहीच नाही. 'हत्या' हा शब्द वापरणे बंद झाले आणि 'टार्गेटेड किलिंग' हा शब्द आला. जातीच्या प्रश्नावर काम करणाऱ्या आपल्या लोकांना शब्द बदलून वस्तुस्थिती तीच ठेवण्याची ही युक्ती नवीन नाही.

कायदा काय म्हणतो? युद्ध नसेल तिथे सरकारला माणूस मारता येतो तो एकाच स्थितीत : त्याच्यापासून कोणाच्या तरी जिवाला आत्ता, या क्षणी धोका आहे आणि तो टाळायला दुसरा उपायच उरलेला नाही. सगळी भिस्त 'आत्ता' या शब्दावर आहे, आणि सरकारांनी तो शब्दच रबरासारखा ताणला आहे. २०१३ मध्ये अमेरिकी न्याय खात्याचे एक टिपण फुटले. धोका 'तात्काळ' ठरवण्यासाठी नजीकच्या काळात अमुक हल्ला होणार असा स्पष्ट पुरावा असण्याची गरज नाही, असे त्यात म्हटले होते. म्हणजे तात्काळ या शब्दाला अर्थच उरला नाही.

३ जानेवारी २०२० रोजी बगदाद विमानतळाजवळ इराणचे जनरल कासिम सुलेमानी यांना ड्रोनने मारले तेव्हा हेच दिसले. त्यांच्यासह १० जण मेले. चार दूतावासांवर हल्ला होणार होता असे वाटते, असे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प म्हणाले. तसा विशिष्ट पुरावा आपण पाहिला नाही, असे त्यांचेच संरक्षणमंत्री दूरचित्रवाणीवर म्हणाले. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक अॅग्नेस कॅलामार यांनी त्याच वर्षी ही कृती बेकायदा ठरवली. सुलेमानी संत नव्हते. सीरियात असादची राजवट टिकवण्यात त्यांचा हात मोठा होता. पण पुढे काय घडले तेही पाहा. ८ जानेवारीला इराणने इराकमधील अमेरिकी तळांवर क्षेपणास्त्रे डागली आणि प्रतिहल्ला होईल या धास्तीत असलेल्या इराणी सैन्याने तेहरानहून उडालेले युक्रेनचे प्रवासी विमान पाडले. १७६ माणसे गेली. 'एकाच माणसाला मारले' हा हिशेब इथेच मोडतो.

आता दुसरी बाजू, कारण आपले तरुण कार्यकर्ते ती फार लवकर झटकून टाकतात. एखादा माणूस डोंगराळ भागात बसून हल्ल्यांची आखणी करतो. तिथे पोलीस ठाणे चालत नाही. तिथले सरकार त्याला पकडून देत नाही. सैन्य घुसवले तर गावेच्या गावे भरडली जातील. अशा वेळी एका क्षेपणास्त्राने शेकडो जीव वाचत असतील तर? हा प्रश्न खरा आहे. 'आम्ही बौद्ध, आम्ही अहिंसा मानतो' एवढे म्हणून तो संपत नाही. बाबासाहेबांनीही तो तसा संपवलेला नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी अहिंसा हा आंधळा नियम न मानता तत्त्व मानले, आणि मारण्याची गरज व मारण्याची इच्छा यांत फरक केला.

हा फरक इथे नेमका उपयोगी पडतो. गरज असल्याचा दावा प्रत्येक सरकार करते, पण ती खरोखर होती का हे तपासायचे तर पुरावा बाहेर यावा लागतो, आणि इथे तो गुप्त असतो. ओबामा सरकारने २०१६ मध्ये जाहीर केले की युद्धक्षेत्राबाहेरच्या ४७३ हल्ल्यांत ६४ ते ११६ नागरिक मेले. स्वतंत्र संस्थांचे आकडे याच्या कितीतरी पुढे होते. न्यूयॉर्क टाइम्सने २०१२ मध्ये छापले होते की हल्ल्याच्या जागी सापडलेला प्रत्येक लढाऊ वयाचा पुरुष लढवय्या म्हणूनच मोजला जाई. तो निर्दोष असल्याचा पुरावा मेल्यावर मिळाला तरच आकडा बदले.

चूक उघडी पडते ती कशी, याचे उदाहरण काबूलचे आहे. २९ ऑगस्ट २०२१ रोजी अमेरिकी ड्रोनने एका पांढऱ्या मोटारीवर सुमारे ८ तास पाळत ठेवून मग ती उडवली. सेनाप्रमुखांनी या हल्ल्याला योग्य म्हटले. मोटारीतला माणूस मदत संस्थेचा कर्मचारी निघाला. स्फोटके म्हणून जे पाहिले गेले ते पाण्याचे कॅन होते. १० नागरिक मेले, त्यांत ७ मुले. सैन्याने चूक कबूल केली, पण कोणालाही शिक्षा झाली नाही. आणि कबुली तरी का मिळाली? कारण काबूल शहरात पत्रकार होते, त्यांनी घरापर्यंत जाऊन चौकशी केली. वझिरीस्तानच्या खेड्यात असे कोण जाते?

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी चर्चिल यांचा कल नाझी नेत्यांना खटल्याशिवाय गोळ्या घालण्याकडे होता. तसे झाले नाही. न्यूरेंबर्गला २२ जणांवरील आरोपांचा निकाल लागला, त्यांत ३ जण निर्दोष सुटले. लाखोंच्या संहाराचे आरोप समोर असतानाही निकाल आधी ठरलेला नव्हता.

हा विषय आपल्याला दूरचा वाटत असेल तर एन्काउंटर हा शब्द आठवा. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मेली, आणि हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१४ च्या निकालाने सांगितले : प्रत्येक चकमकीची एफआयआर नोंदवा, तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याकडे द्या, दंडाधिकारी चौकशी करा, लगेच बढती-पदके देऊ नका. मारणाऱ्यानेच स्वतःचा निकाल लिहू नये, एवढीच ही अपेक्षा आहे. सीमेपलीकडच्या हत्येत यातले एकही पाऊल नसते. कलम २१ तर नागरिकाबद्दल नव्हे, 'व्यक्ती'बद्दल बोलते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलमधील चकमा निर्वासितांना, जे बहुतांश बौद्ध आहेत, याच कलमाचे संरक्षण दिले. हे कलम भारतभूमीवरच्या माणसासाठी आहे हे खरे. पण परका म्हणून कोणाचा जीव स्वस्त होत नाही, हा त्यामागचा विचार सीमेवर का थांबावा?

जून २०२३ मध्ये कॅनडात हरदीपसिंग निज्जर यांची हत्या झाली. यात भारताचा हात असल्याचा आरोप पंतप्रधान ट्रुडो यांनी संसदेत केला, भारताने तो फेटाळला. त्या आठवड्यात 'भारताने हे केलेच नाही' आणि 'केले ते उत्तम केले' हे दोन्ही संदेश आम्हाला एकाच मोबाइलवरून आले. मे २०२४ मध्ये ४ भारतीय नागरिकांवर तिथे आरोप ठेवले गेले. त्यांना वकील मिळतो, त्यांच्याविरुद्धचा पुरावा न्यायालयात मांडावा लागतो. निज्जर यांना भारताने २०२० मध्ये दहशतवादी घोषित केले होते. त्यांच्यावरचे ते आरोप खरे होते की खोटे, हे त्यांच्यावर खटला चालवून तपासण्याची वाट आता कायमची बंद झाली आहे.