शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा बाबासाहेबांचे एक पान वाचा

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या वहीत कठीण इंग्रजी शब्दांच्या लांबलचक याद्या असतात. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. रोज वीस-पंचवीस शब्द पाठ होतात आणि पंधरा दिवसांत बहुतेक विसरले जातात. दोष मुलांच्या स्मरणशक्तीचा नाही. ज्या शब्दामागे वाक्य नाही, विचार नाही, तो डोक्यात टिकत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मूळ इंग्रजी लेखनातले कठीण शब्द मात्र आपल्याच जगण्याविषयी बोलतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून हे लेखन खंडरूपाने प्रकाशित केले आहे. त्यातले काही शब्द पाहू.

एंडोगॅमी : ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला, तेव्हा ते २५ वर्षांचे होते. त्या निबंधाचा कणा म्हणजे हा शब्द. ग्रीक भाषेत ‘एंडो’ म्हणजे आत आणि ‘गॅमॉस’ म्हणजे लग्न. आपल्याच गटात लग्न करण्याचे बंधन म्हणजे एंडोगॅमी; गटाबाहेर लग्न करण्याचा नियम म्हणजे एक्झोगॅमी. जात टिकते ती या बंधनामुळे, हे बाबासाहेबांनी तिथे मांडले. दवाखान्यातली ‘एंडोस्कोपी’ आपल्याला माहीत आहे, म्हणजे आत पाहणे. एक मूळ समजले की मोनोगॅमी, पॉलिगॅमी हे शब्दही वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

एंडोस्मॉसिस : शाळेत पाण्यात भिजवलेल्या मनुका फुगतात, तो प्रयोग आठवा. पातळ पडद्यातून पाणी आत झिरपते, ती ही क्रिया. कोलंबियातील बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्यूई यांनी हा शब्द समाजाच्या संदर्भात वापरला आणि बाबासाहेबांनी तो जातींना लावला. गटागटांत अनुभवांची, विचारांची देवाणघेवाण झिरपत राहिली पाहिजे. जातीची भिंत नेमके तेच अडवते. ‘सामाजिक अभिसरण’ हा मराठी शब्द चांगला आहे, पण पडद्याचे चित्र त्यात दिसत नाही.

अ‍ॅनिहिलेशन आणि अ‍ॅबॉलिशन : शब्दकोशात दोन्हींसमोर ‘नष्ट करणे’ असा अर्थ सापडू शकतो. पण अ‍ॅबॉलिशन म्हणजे एखादी प्रथा अधिकृतपणे, कायद्याने बंद करणे. अ‍ॅनिहिलेशनमध्ये लॅटिन ‘निहिल’ आहे, म्हणजे काहीही नाही. हिशेबात आपण लिहितो तो ‘निल’ त्याचाच. काहीच शिल्लक न ठेवणे, हा त्याचा अर्थ. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतः प्रसिद्ध केलेले भाषण ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ आहे. राज्यघटनेच्या कलम १७ मध्ये मात्र अस्पृश्यतेसाठी ‘अ‍ॅबॉलिश’ हे क्रियापद आले आहे. कायद्याने काय झाले आणि काय बाकी आहे, हे या दोन शब्दांतल्या फरकात दिसते.

ग्रेडेड : लॅटिन ‘ग्रॅडस’ म्हणजे पायरी. ग्रेड, ग्रॅज्युएट, डिग्रेड हे सगळे त्याच घरातले. ‘ग्रेडेड इनइक्वॅलिटी’ म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची विषमता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी ती मांडली. मधल्या पायरीवरच्या माणसाला आपल्या खाली कुणीतरी आहे याचे समाधान असते, म्हणून तो जिना मोडायला सहज तयार होत नाही. ‘ग्रेडेड’ हे विशेषण गाळले तर हा मुद्दाच हरवतो.

अचूक शब्दाची गरज परीक्षेपुरती नाही. अत्याचाराच्या प्रकरणात ‘आरोपी सुटला’ एवढेच कुटुंबाला सांगितले जाते. तो बेलवर सुटला, डिस्चार्ज झाला की अ‍ॅक्विट झाला? बेल म्हणजे जामीन. खटला चालूच राहतो. डिस्चार्ज म्हणजे आरोप निश्चित होण्याआधीच आरोपमुक्ती. अ‍ॅक्विटल म्हणजे खटला चालून निर्दोष सुटका. तिन्हींनंतर कुटुंबाने उचलायचे पाऊल वेगळे असते. उच्च न्यायालयाचे आदेश इंग्रजीत येतात. घरात किंवा वस्तीत ते वाचणारे कुणी नसेल, तर दुसरा सांगेल त्यावर विसंबावे लागते.

मग अभ्यास कसा करावा? बाबासाहेबांचा एक परिच्छेद घ्या. आधी संदर्भावरून अर्थाचा अंदाज करा, मग शब्दकोश उघडा. वहीत चार गोष्टी लिहा : शब्दाचे मूळ, जवळचा शब्द आणि त्याच्याशी असलेला फरक, मराठी प्रतिशब्द आणि स्वतःचे एक वाक्य. आठवड्याला दहा शब्द पुरेत. विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास मोठ्याने वाचन ठेवता येईल. मराठी माध्यमातल्या मुलांनी उच्चार चुकेल म्हणून गप्प बसू नये. मोठ्यांनीही हसू नये.

बाबासाहेबांनी स्वतः पाली शब्दकोश तयार केला होता. त्यांच्या इंग्रजी खंडांपैकी सोळावा खंड पाली व्याकरण आणि शब्दकोशाचाच आहे. घटना लिहिणारा माणूस शब्दांच्या अर्थासाठी एवढे कष्ट घेत होता. आपल्याला निदान रोज एक परिच्छेद वाचता येईल.