अवशेष, साक्ष आणि नाव : युद्धात हरवलेल्या विमानाचा शोध

युद्धात हरवलेल्या विमानाची आणि त्याच्या वैमानिकाची ओळख पटवणे हे यंत्रज्ञानाचे, दप्तर-तपासणीचे आणि न्यायवैद्यकाचे एकत्रित काम आहे. मात्र त्यातला सर्वांत मोठा अडसर बहुधा तांत्रिक नसून सरहद्दीचा असतो. गोंदियाजवळच्या बिरसी धावपट्टीवरून उडालेले प्रशिक्षण विमान 18 मार्च 2023 रोजी बालाघाट जिल्ह्यातील डोंगराळ जंगलात कोसळले, तेव्हा लोक त्याच दिवशी अवशेषांपर्यंत पोहोचले. युद्धात मात्र विमान अनेकदा शत्रूच्या भूमीवर पडते आणि ते पाहणारे, उचलणारे, नोंदवणारे सगळे पलीकडचे असतात.

अवशेष हाती लागले, तर पहिला आधार धातूवरील क्रमांकांचा असतो. शेपटीवर रंगवलेला क्रमांक आगीत करपून जातो, पण इंजिनावर बसवलेल्या पट्टीवर ठोकलेले आकडे पुष्कळदा वाचता येतात, आणि ते कारखान्याच्या व तुकडीच्या नोंदवह्यांशी ताडले की त्या दिवशी ते विमान कोण घेऊन गेला होता याचा उलगडा होतो. अस्थींसाठी दातांची जुनी नोंद आणि आईकडून अपत्यांकडे येणारा मायटोकाँड्रियल डीएनए उपयोगी पडतो. हा डीएनए मातृवंशात जवळपास तसाच टिकत असल्याने, बहिणीच्या मुलाचा नमुनाही तुलनेला चालतो. 25 जानेवारी 1944 रोजी कुनमिंगहून आसामातील चाबुआकडे येताना नाहीसे झालेले अमेरिकी बी-24 विमान 2006 मध्ये अरुणाचलच्या डोंगरात सापडले आणि त्यातील लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख 2017 मध्ये पटली.

अवशेष तपासायला मिळालेच नाहीत, तर शत्रूची साक्ष निर्णायक ठरते. 7 सप्टेंबर 1965 रोजी भारतीय हवाई दलाच्या 1 क्रमांकाच्या तुकडीतील मिस्टेअर विमाने पाकिस्तानातील सरगोधा तळावर चालून गेली. स्क्वाड्रन लीडर अज्जमाड बोपय्या देवय्या हे राखीव वैमानिक म्हणून निघाले होते. ते परतले नाहीत आणि त्यांची नोंद बेपत्ता म्हणून झाली. 1979 मध्ये ब्रिटिश लेखक जॉन फ्रिकर यांनी पाकिस्तानी बाजूने लिहिलेल्या पुस्तकात, त्या चढाईत एका मिस्टेअरने ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणारे एफ-104 स्टारफायटर पाडल्याचा आणि त्याचे वैमानिक अमजद हुसेन हवाई छत्रीने उतरल्याचा उल्लेख आला. परतलेल्यांपैकी कोणीही असे विमान पाडल्याचे सांगितलेले नव्हते, त्यामुळे वजाबाकी करता एकच नाव उरत होते. 30 मिलिमीटरच्या दोन तोफा असलेल्या, वेगाने खूपच मागे पडणाऱ्या विमानातून हा पराक्रम झाला होता. देवय्यांना 1988 मध्ये मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झाले. तेवीस वर्षे हा पराक्रम भारतीय दप्तरात नव्हता, याची खंत कोणत्याही सन्मानाने पुरती फिटत नाही.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांच्या बाबतीत पुराव्यांचा क्रम उलटा आहे : नाव मिळाले, माणूस मिळाला नाही. 32 क्रमांकाच्या तुकडीचे सुखोई-7 हे एकासनी हल्लाविमान घेऊन ते डिसेंबर 1971 मध्ये शोरकोटच्या तळावर गेले आणि तिथे पाडले गेले. त्याच महिन्यात एका पाकिस्तानी वृत्तपत्राने पकडलेल्या भारतीय वैमानिकांविषयी जे छापले, त्यात 'फ्लाइट लेफ्टनंट टोंबे' असे नाव होते. युद्धबंद्यांच्या अदलाबदलीत मात्र तांबे परतले नाहीत. बेपत्ता भारतीय सैनिकांची जी 54 जणांची यादी सर्वत्र सांगितली जाते, तिच्यात त्यांचे नाव आहे. त्यांच्या पत्नी, बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या व अर्जुन पुरस्कारप्राप्त दमयंती तांबे यांनी हा शोध अनेक दशके चालवला. 2007 मध्ये नातेवाइकांच्या पथकाने पाकिस्तानातील तुरुंगांना भेट दिली, परंतु आपल्याकडे असे कोणी कैदी नाहीत, ही त्या सरकारची भूमिका कायम राहिली.

तांबे यांचे काय झाले, या प्रश्नाचा उलगडा करू शकणारे कागद कोणत्या प्रकारचे असतील, हे मात्र सांगता येते. विमान पडल्यानंतर तळावर झालेली पाहणीची नोंद, वैमानिकाला बाहेर फेकणारे आसन अवशेषांत होते की दूर कुठे पडले होते याचा तपशील, आणि वृत्तपत्राला ते नाव देणाऱ्या कार्यालयाची टिपणे. आसन अवशेषांपासून दूर मिळाले असेल, तर वैमानिक विमानाबाहेर पडला होता हे उघड होते. ते अवशेषांतच असेल, तर शोध मृत्यूच्या दिशेने वळतो. हे दप्तर कोठे जपले असेल तर ते पाकिस्तानच्या ताब्यात असणार, आणि दोन्ही सरकारांनी मनावर घेतले, तर ते आजही उघडता येईल.