मुंबईचे ऋतू झाडांवर दिसतात!

मुंबईत ऋतू कळत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी वर्षभर फक्त आपल्या गल्लीतली झाडं पाहावीत.

🍂 जानेवारी-फेब्रुवारी : देशी बदामाची पानं लालबुंद होऊन गळतात. काटेसावर निष्पर्ण होते आणि तिच्या जाड, लाल फुलांतला मध प्यायला मैना, बुलबुल, कावळे गर्दी करतात. पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीजवळ गुलाबी टॅबेबुया फुलतो.

🌼 मार्च ते मे : सोनमोहराच्या पाकळ्यांनी फुटपाथ पिवळा होतो. मग बहावा, गुलमोहर आणि आपलं राज्यपुष्प ताम्हण. ताम्हणाची पाकळी जवळून बघा, क्रेप कागदासारखी चुरगळलेली दिसते.

🌧️ जून : २०२० पासून हवामान खात्याने मुंबईत मान्सून पोहोचण्याची सरासरी तारीख १० ऐवजी ११ जून धरली आहे. परतीची तारीख मात्र २९ सप्टेंबरवरून थेट ८ ऑक्टोबरवर गेली!

ऋतूंबरोबर वस्तीही बदलते. पुनर्विकासात जुन्या चाळींची, सोसायट्यांची आवारं जातात आणि त्यांतली जुनी झाडंही. म्हणून नोंद हवी.

✅ घराजवळचं एकच झाड निवडा.
✅ दर आठवड्याला पालवी, कळ्या, फुलं, फळं तारखेसह लिहा.
✅ महिन्यातून एकदा त्याच जागेवरून फोटो काढा. मागची इमारतही फ्रेममध्ये घ्या.
✅ ‘सीझनवॉच’ या देशभरच्या लोकविज्ञान प्रकल्पात झाड नोंदवा. तुमच्या नोंदी अभ्यासकांच्या कामी येतात.

तुमच्या गल्लीत सध्या काय फुललंय? झाडाचं आणि परिसराचं नाव कमेंटमध्ये नक्की लिहा!