तिसरी घंटा, सगळ्यांची!

कॉलेज रोडवर कॉफी, गंगापूर रोडवर डिनर... आणि मग? नाशिकच्या वीकएण्डला आणखी एक पत्ता आहे. तो एका संस्थेचा नाही. एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या असलेल्या अनेक संस्थांचा आहे.

शनिवार, संध्याकाळचे साडेसात. कॉलेज रोडवर गाडी लावायला जागा नाही. सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधून सुटलेली मंडळी टेबल मिळण्याची वाट बघत उभी. त्याच वेळी शालिमारजवळ, एका नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी एक टेम्पो येऊन थांबतो. त्यातून उतरतात चार फ्लॅट्स, एक दरवाजा, दोन खुर्च्या आणि इस्त्रीच्या कपड्यांची भलीमोठी बॅग. उतरवणाऱ्यांतला एक जण कंपनीत क्वालिटी विभागात, दुसरा शाळेत मास्तर, तिसरी सीएची आर्टिकलशिप करतेय. दीड तासाने हेच तिघं रंगमंचावर दिसणार असतात.

गंमत अशी की त्या दोन खुर्च्या बहुतेक वेळा त्यांच्या नसतातच! दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपकडून आणलेल्या असतात. लाइट्स करणारा परवा त्यांच्याच विरुद्ध स्पर्धेत उतरलेल्या नाटकाचे लाइट्स करत होता. मेकअपवाले काका तर सगळ्यांचेच. हौशी रंगभूमीवर हे नेहमीचंच आहे. निकालाच्या दिवशी कट्टर स्पर्धक आणि त्याआधी महिनाभर उसनवारीचे शेजारी.

नाशिकच्या कलाविश्वाचा फण्डा समजून घ्यायचा असेल तर या खुर्च्यांपासून सुरुवात करायला हवी. या शहरात सगळं एकट्याने पेलेल एवढी मोठी कलासंस्था नाही. म्हणूनच इथे बरंच काही होतं.

हॉल वाचनालयाचा, नाटक आपलं

ज्या नाट्यगृहाच्या दाराशी आपला टेम्पो उभा आहे, त्याचं नाव परशुराम साईखेडकर नाट्यगृह. त्याचा मालक कोण? वाचनालय! १८४० साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे नाशिककरांचं लाडकं 'सावाना'. पुस्तकांच्या संस्थेने नाटकासाठी छप्पर द्यावं, ही कल्पनाच किती सही आहे! वर्षभर पुस्तकं बदलायला येणारा सभासद कधीतरी आपसूक नाटकाच्या तिकीट खिडकीपाशी जाऊन उभा राहतो.

दुसरं मोठं ठिकाण म्हणजे महापालिकेचं महाकवी कालिदास कलामंदिर. व्यावसायिक नाटकं येतात ती इथे. २०१८ साली त्याचं नूतनीकरण झालं. खुर्च्या, वातानुकूलन, रंगमंच, सगळं चकाचक. पण त्याबरोबर भाडंही वाढलं आणि शहरातले कलावंत एकवटले. आपापल्या मंडळांचे झेंडे बाजूला ठेवून सगळ्यांचा मुद्दा एकच होता: हॉल सुंदर हवा, पण तो आम्हाला परवडायलाही हवा.

हा हट्ट नाही, साधं गणित आहे. एका हौशी प्रयोगाचा खर्च मांडून बघा. हॉलचं भाडं, लाइट्स, माइक, नेपथ्य, टेम्पो, मेकअप, कपडेपट आणि पंधरा-वीस जणांचा चहा-वडापाव. दुसरीकडे तिकिटातून येणारे पैसे, त्यातही निम्मे प्रेक्षक नातेवाईक! भाडं थोडंसं वाढलं की पहिली गळते ती नवीन मुलांची पहिली एकांकिका. नावाजलेलं नाटक कसंतरी तगतं, पण तालमीच्या खोलीतून स्टेजपर्यंत यायचा पहिला जिना तुटतो. म्हणून हॉलचा प्रश्न कुणा एका संस्थेचा राहत नाही.

तात्यासाहेबांचं शहर

एकत्र येण्याची ही सवय नाशिकला लावणाऱ्यांत एक मोठं नाव आहे वि. वा. शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज. नाशिककरांचे तात्यासाहेब. कवी आणि नाटककार म्हणून आपण त्यांना ओळखतोच. पण १९५० साली त्यांनी लोकहितवादी मंडळ उभं केलं, हे नव्या पिढीतल्या किती जणांना माहीत आहे? 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं १९७० साली. म्हणजे ते आपल्या सर्वांत गाजलेल्या नाटकाच्या वीस वर्षं आधीच गावात माणसं जोडायच्या कामाला लागले होते. त्याच गावात वसंत कानेटकर दिवसा कॉलेजात शिकवत आणि एकामागून एक नाटकं लिहीत होते.

पुढे कुसुमाग्रज प्रतिष्ठान आलं. १९९१ पासून एक वर्षाआड दिला जाणारा 'जनस्थान' पुरस्कार साहित्यासाठी. पहिला मान विजय तेंडुलकरांचा. लगेच १९९२ पासून 'गोदावरी गौरव' सुरू झाला, तोही एक वर्षाआड. तो मात्र साहित्य सोडून बाकीच्या क्षेत्रांसाठी: संगीत-नृत्य, चित्र-शिल्प, नाट्य-चित्रपट, विज्ञान, क्रीडा, लोकसेवा. कवीच्या नावाची संस्था कवितेच्या कुंपणाबाहेर बघते, हा या गावाचा स्वभाव. गंगापूर रोडवरच्या कुसुमाग्रज स्मारकात आज पुस्तक प्रकाशन, उद्या गाण्याची मैफल, परवा नाटकाचं वाचन असं चालूच असतं.

प्रतिष्ठानचाच 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम २००९ साली नाशिकमध्ये सुरू झाला. शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते. वाचून झाली की पेट्यांची अदलाबदल. ही पेटी पुढे थेट परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचली. म्हणजे पुन्हा तेच. आपली खुर्ची तुम्ही वापरा, तुमची आम्ही.

परीक्षा, २०२१ची

सगळं गोड-गोड वाटतंय ना? मग डिसेंबर २०२१ आठवा. ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नाशिकला, आयोजक तेच लोकहितवादी मंडळ. संमेलन खरं तर मार्च महिन्यात, गोखले एज्युकेशन सोसायटीच्या आवारात व्हायचं होतं. कोविडची लाट आली, तारीख गेली. मग जागाही बदलली आणि मांडव पडला आडगावला. तोंडावर अवकाळी पाऊस. संमेलनाध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. तरीही ३ ते ५ डिसेंबरला संमेलन पार पडलं.

विचार करा, सत्तरी ओलांडलेलं एक स्थानिक मंडळ, त्याच्याकडे कुठलीही इव्हेण्ट कंपनी नाही. एवढा गाडा ओढायचा तर गाणारे, नाचणारे, रांगोळी काढणारे, सूत्रसंचालन करणारे, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणारे, असे सगळ्या गावाचे हात लागतात.

त्याच आठवड्यात, ४ आणि ५ डिसेंबरला, केटीएचएम कॉलेजच्या मैदानावर विद्रोही साहित्य संमेलन भरलं. भूमिका वेगळी, प्रश्न वेगळे, मंचही वेगळा. एकत्र काम करणं म्हणजे सगळ्यांनी एकाच सुरात माना डोलावणं नव्हे, हे त्या वीकएण्डला नाशिकने दाखवलं. काही नाशिककर सकाळी एका मांडवात आणि दुपारी दुसऱ्यात होते. यापेक्षा श्रीमंत वीकएण्ड कुठल्या शहराला मिळतो, सांगा!

पाडव्याचा कोरस

सगळ्यांना एकत्र बघायचं असेल तर गुढीपाडव्याच्या आधीच्या दिवसांत संध्याकाळी गोदाघाटावर या. नववर्ष स्वागत यात्रा समितीच्या पुढाकाराने पाडवा पटांगणावर एका दिवशी महारांगोळी, एका दिवशी ढोल पथकांचं महावादन आणि एका दिवशी 'अंतर्नाद'.

'अंतर्नाद' म्हणजे शहरातल्या वेगवेगळ्या गायन, वादन, नृत्य क्लासेसचे शेकडो विद्यार्थी एकाच वेळी, एकाच मंचावर. ऐकायला सोपं वाटतं. पण प्रत्येक गुरूची पद्धत वेगळी, घराणं वेगळं, क्लासचा युनिफॉर्म वेगळा. इथे सगळ्यांनी पट्टी एक धरायची, लय एक ठेवायची आणि आपल्या क्लासचं नाव विसरायचं. एरवी एकाच गल्लीत अॅडमिशनसाठी स्पर्धा करणाऱ्या क्लासेसना हे जमतं, हीच खरी बातमी.

ते सगळं किती नाजूक आहे, हे २०२० साली कळलं. त्या वर्षी पाडवा आला २५ मार्चला, देशभरातल्या लॉकडाऊनचा पहिला दिवस. घाट रिकामा. पुढचे कित्येक महिने हॉल बंद, क्लास बंद, लाइट्सवाल्यांच्या हाताला काम नाही. स्टेजवर दिसणाऱ्यांपेक्षा स्टेजमागच्यांचे हाल जास्त झाले. कारण कलाकाराला दिवसाची नोकरी तरी होती, लाइट्सवाल्याची संध्याकाळ हीच नोकरी होती.

मग प्रॉब्लेम काय?

प्रॉब्लेम आहे तो हातांचा. कुठल्याही संस्थेच्या कार्यक्रमाला जाऊन बघा. खुर्च्या मांडणारे, हिशेब ठेवणारे, पाहुण्यांना फोन करणारे बहुतेक जण साठीच्या पुढचे. आणि पंचविशीतले? ज्यांना अभिनय जमतो ते मुंबईला. मुंबई हाकेच्या अंतरावर, मालिका खुणावतात, आणि त्यात वाईट काही नाही. चिन्मय उदगीरकर, सायली संजीव आपल्या गावचे म्हणून आपणच कॉलर ताठ करतो. दत्ता पाटील यांनी लिहिलेलं आणि सचिन शिंदे यांनी बसवलेलं 'हंडाभर चांदण्या' नाशिकमधूनच बाहेर पडलं आणि महाराष्ट्रभर गाजलं. टॅलेण्टची इथे कमी नाही.

कमी आहे ती टॅलेण्टच्या पाठीमागे उभं राहणाऱ्यांची. आणि तिथेच तुम्ही-आम्ही येतो. तुम्ही ऑफिसात एक्सेल शीट हाणता, मग एखाद्या मंडळाचा वर्षाचा हिशेब एका रविवारी लावून देऊ शकता. डिझायनर आहात? पोस्टर करा. कायद्याचं कळतं? वर्षानुवर्षं रखडलेले ट्रस्टचे कागद बघा. तारखांचं गणित जमतं? मग एकाच संध्याकाळी तीन कार्यक्रम ठेवून एकमेकांचे प्रेक्षक पळवायची संस्थांची जुनी खोड मोडायला मदत करा. 'जनस्थान' नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शहरातले गायक, चित्रकार, नट, शिल्पकार एकत्र आले आणि त्यांनी आपला महोत्सवही उभा केला. म्हणजे मोबाइलचा असाही उपयोग होतो, बॉस!

अगदीच काही जमत नसेल तर एक करा. तिकीट काढा. पासाची वाट न बघता, काउण्टरवर जाऊन, पैसे देऊन. शंभर-दोनशे रुपयांत त्या खुर्च्या, तो टेम्पो आणि मेकअपवाल्या काकांची संध्याकाळ, सगळ्यात तुमचा वाटा पडतो.

साडेनऊ वाजत आलेत. पहिली घंटा झालीय, दुसरीही. विंगेत कुणीतरी उसनी खुर्ची नीट सरकवून ठेवतंय. तिसरी घंटा होईल तेव्हा तुम्ही कुठे असाल? टेबलाच्या वेटिंगमध्ये की पाचव्या रांगेत?

तुमचा वीकएण्ड प्लॅनर

* २७ फेब्रुवारी: कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. स्मारकात चक्कर हवीच.
* गुढीपाडव्याआधी: पाडवा पटांगणावर महारांगोळी, महावादन, अंतर्नाद. लवकर जा, पार्किंग लांब मिळतं.
* मे महिना: गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला. १९२२ पासूनची परंपरा. उघड्यावर, गार वाऱ्यात.
* दिवाळी पाडवा: पहाटे नेहरू चौकात पिंपळपारावर गाण्याची मैफल. जुनं नाशिक बघायचा यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.
* राज्य हौशी नाट्य स्पर्धेचा हंगाम: रोज नवं नाटक, खिशाला परवडेल असं तिकीट. मित्रांना घेऊनच जा.