नवा जन्म झाल्यावरही पाप होतं का?

मागच्या वेळी आपण नव्या जन्माविषयी बोललो. व्याख्यान संपल्यावर एक तरुण आमच्यापाशी आला. म्हणाला, "सर, बाप्तिस्मा घेऊन तीन वर्षं झाली. पण राग आला की अजून तोंडातून शिव्या जातात. मग माझा नवा जन्म खोटाच म्हणायचा ना?" त्याने प्रभुभोजन घेणंही थांबवलं होतं. आजचं व्याख्यान त्याच्या प्रश्नावरच आहे.

आधी अडचण नीट पाहू. योहान आपल्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात म्हणतो की, आपल्यात पाप नाही असं म्हणणारा स्वतःलाच फसवतो. आणि तिसऱ्या अध्यायात म्हणतो की, देवापासून जन्मलेला पाप करत नाही. लेखक एक, पत्र एक. मग खरं कोणतं?

दोन्ही खरी. तिसऱ्या अध्यायातलं ग्रीक क्रियापद चालू क्रियेचं आहे. पाप करत राहणं, असा त्याचा रोख. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी, कोणी पाप केलं तर ख्रिस्त त्याचा कैवारी आहे असं सांगताना, एखाद्या वेळच्या कृतीचं रूप येतं. मराठीतही 'चूक करून बसला' आणि 'चुका करत राहतो' यांत आपण फरक करतोच की! सगळा भार व्याकरणावर टाकू नये, पण पत्राचा एकूण सूरही हाच आहे.

ऑगस्टीनच्या विचारातून पुढे चार अवस्था सांगितल्या गेल्या. पतनाआधी आदामाला पाप टाळणं शक्य होतं. पतनानंतर माणसाला ते शक्य राहिलं नाही. नव्या जन्माने ते पुन्हा शक्य झालं. आणि स्वर्गात पाप करणंच शक्य नसेल. आपण तिसऱ्या पायरीवर आहोत. घोटाळा होतो तो चौथीवर पोहोचलो असं समजल्यामुळे. वेस्लीने तर याच आयुष्यात प्रेमाची पूर्णता शक्य मानली. तरीही अशा माणसाला ख्रिस्ताच्या क्षमेची गरज उरतेच, असं त्यानेही सांगितलं.

आता आपल्या नगरकडे येऊ. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. पुढे ते नगरला ईश्वरविज्ञानाच्या विद्यालयात शिकवू लागले. त्यांच्या भक्तीविषयी शंका घ्यायला जागा नाही. पण 'स्मृतिचित्रे' वाचा. लक्ष्मीबाईंनी पतीचा तापटपणा कुठे झाकलेला नाही. बाप्तिस्म्याने स्वभाव एका दिवसात धुऊन निघाला, असं त्या सांगत नाहीत. आणि तो राग दिसला म्हणून त्यांचा विश्वास खोटा ठरला, असंही वाचकाला वाटत नाही.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे लवकर समजेल. रान नांगरलं, नवं बी पेरलं, तरी हरळी वर येतेच. म्हणून पेरणी खोटी ठरत नाही. पण हरळी येणारच म्हणून खुरपणी सोडली, तर ते रान आपलं आहे असं कोण म्हणेल? "क्षमा आहेच, मग काय बिघडलं?" असं म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं. पापात पडणं वेगळं आणि पापाशी सलोखा करणं वेगळं.

आमचीच गोष्ट सांगतो. एका रविवारी चर्चला निघताना क्षुल्लक कारणावरून आम्ही पत्नीवर ओरडलो. उपासनेत बसलो, पण गीत तोंडातून निघेना. घरी येऊन तिची क्षमा मागितली. सत्तरी ओलांडल्यावरही ते जड गेलं, बरं का. 'आमच्या हातून आता पाप होत नाही' अशी आमची समजूत असती, तर ती क्षमा आम्ही मागितलीच नसती.

त्या तरुणाला आम्ही एवढंच म्हटलं, "पाप खुपतं आहे ना? मेलेल्या माणसाला काही खुपत नाही. ज्याला शिवी दिलीस त्याच्याकडे आधी जा. मग प्रभूच्या मेजाकडे ये."