आकडा आहे, नावं कुठे?

अंबरनाथच्या आपल्या वर्गांत साताऱ्याकडची, कोकणातली मुलं बरीच असतात. मे महिन्यात ती गावी जातील तेव्हा त्यांना एक काम द्या. चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत जुनी दगडी पाटी बसवलेली आहे का, ते बघायला सांगा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अनेक गावांत अशा पाट्या लावल्या. मजकूर साधारण एकच : या गावातून इतके जण १९१४-१९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस्स, एवढंच!

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे तर तुम्हाला ठाऊकच असेल. या एका गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. तिथे त्यांचं स्मारक आहे. गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’च म्हणतात.

मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढत होत्या. तिथल्या बसरा स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडाच. (वर्गात हे सांगताना घाई करू नका. मुलं ‘का?’ विचारतातच.)

बरीच नावं आज राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. कित्येक नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही असतं. इंग्रजी स्पेलिंगं मात्र वाटेल तशी, तेव्हा गावाचं नाव चार तऱ्हांनी टाकून बघा. सापडलेलं नाव मुलांना वहीत देवनागरीत लिहू द्या, आणि गावी आजोबांना वाचून दाखवायला सांगा.