मुलांच्या गोष्टींतील दुष्ट नातलग

दिवाळीच्या सुटींत माझी नात मुंबईहून आमच्याकडे गासला आली होती. वय वर्षें अकरा. दुपारीं ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून ती हातांतल्या फोनवर कसली तरी मालिका पाहात असे, आणि मधूनमधून अशी खदखदून हंसे, कीं वाडींत केळींना पाणी लावणारा गडीहि मान वर करून पाही. चौथ्या दिवशीं सूनबाई काळजीच्या सुरांत म्हणाली, "मामंजी, तुम्हीच जरा पाहा हो, ही काय पाहते तें. आईबाप आगींत मेलेलीं तीन पोरकीं मुलें, आणि पैशासाठीं त्यांच्या जिवावर उठलेला त्यांचाच नातलग! ह्यांत हंसण्यासारखें काय आहे?"

तीस वर्षांहून अधिक काळ मीं मुलांना मराठी आणि संस्कृत शिकविलें. तेव्हां मुलांच्या वाङ्मयावर मत देण्यास मी सहसा कचरत नाहीं. पण मत देण्यापूर्वीं वस्तु पाहावी असा माझा नेम आहे. दोन संध्याकाळ मी नातीशेजारीं झोपाळ्यावर बसलों.

ही मालिका नेटफ्लिक्स कंपनीनें २०१७ ते २०१९ या काळांत दाखविली. तिचें मूळ तेरा पुस्तकांत आहे. डॅनियल हँडलर या अमेरिकन लेखकानें 'लेमनी स्निकेट' असें टोपण नांव घेऊन तीं १९९९ ते २००६ या अवधींत प्रसिद्ध केलीं. व्हायोलेट, क्लॉस आणि सनी अशीं तीन भावंडें. सनी तर दुधाचे दांत येणारी तान्ही. घर जळून आईबाप गेले. इस्टेट भली मोठी, पण व्हायोलेट सज्ञान होईपर्यंत ती बँकेच्या ताब्यांत. मुलांना ज्याच्या हवालीं करण्यांत येतें तो काउंट ओलाफ त्यांचा इतक्या लांबचा नातलग, कीं आपल्याकडच्या कुळवृत्तान्तांतहि त्याला जागा मिळाली नसती. हा गृहस्थ पेशानें नट, आणि तोहि सुमार. इस्टेट गिळण्यासाठीं तो एक नाटक बसवितो. नाटकांत नवरा तो आणि नवरी चौदा वर्षांची व्हायोलेट. मेख अशी, कीं लग्न लावणारी न्यायाधीश बाई खरी, कागद खरा, आणि सहीहि खरीच व्हावयाची. पोरीनें नाहीं म्हणूं नये म्हणून धाकट्या सनीला पिंजऱ्यांत घालून मनोऱ्यावर टांगून ठेवलेलें. पण कायद्याची अट अशी, कीं वधूनें सही स्वहस्तें करावी. व्हायोलेट उजव्या हातानें लिहिणारी. ती सही डाव्या हातानें करते, आणि लग्न रद्द ठरतें!

येथें मीहि हंसलों. शाळामास्तराला यापेक्षां मोठा आनंद तो कोणता? अक्षरानें मूल वांचलें. अक्षरानें मूल मेल्याची गोष्ट आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. तिच्याकडे पुढें येतोंच.

सूनबाईचें म्हणणें असें, कीं असलें कांहीं आपल्यांत नव्हतें, हें सारें बाहेरून आलें. मीं तिला म्हटलें, "अग, आपल्या भाषेनें तर एकहि नातें सोडलेलें नाहीं." मामा म्हटला कीं कंस, नाहीं तर शकुनि. आत्या ती होलिका, भाच्याला मांडीवर घेऊन आगींत बसणारी. सावत्र आई सुरुचि. आणि परक्याला नांव ठेवण्याचें कारणच नको, कारण खुद्द जन्मदात्या बापाच्या जागीं हिरण्यकशिपु. मावशीची गंमत तर आणखीच. भागवतांतील पूतना ही यशोदेची कोणी नव्हे. ती कंसानें धाडलेली राक्षसी. परंतु खोटी माया करणाऱ्या बाईला आपण 'पूतनामावशी' म्हणतों. म्हणजे पुराणानें जें नातें दिलें नाहीं, तें आपल्या बोलीनें जोडलें. आणि हीच बोली दुसऱ्या तोंडानें 'माय मरो पण मावशी जगो' असेंहि म्हणते! दोन्ही वाक्यें एकाच माजघरांत, बहुधा एकाच आजीच्या तोंडून, मुलांनीं ऐकलेलीं असतात.

दशमस्कंधांतील कंस नीट वाचून पाहावा. बहिणीच्या लग्नांत हौसेनें तिच्या रथाचे लगाम हातीं घेणारा हा भाऊ. आकाशवाणी होतांच त्याच बहिणीचे केस धरून खड्ग उपसतो. वसुदेव दिल्या वचनाप्रमाणें पहिला मुलगा स्वतः आणून देतो, तेव्हां कंस म्हणतो, ने याला परत, मला भय आठव्याचें आहे. आणि नारदाची फेरी होतांच त्याचें मन फिरतें. पुढें मुलगी हातून निसटून आकाशांत गेली, तेव्हां तो देवकीवसुदेवांचे पाय धरून क्षमा मागतो, आणि रात्र उलटतांच मंत्र्यांसह गांवोगांवचीं अर्भकें मारण्याचा बेत करतो. बसतां, निजतां, जेवतां, चालतां त्याला जिकडे तिकडे न जन्मलेलें पोर दिसूं लागतें. बलाढ्य राजा एका अर्भकाला भिऊन घासहि सुखानें गिळूं शकत नाहीं, यांतला विनोद व्यासांना दिसला नसेल असें मला वाटत नाहीं. मुलांना तर तो हटकून दिसतो. माझ्या वर्गांत एक जण म्हणाला होता, "गुरुजी, म्हणूनच गणितांत कंस आधीं सोडवायचा!" त्या वर्षीं माझा तास पुढें कांहीं चालला नाहीं.

इंग्रजी वाङ्मयांतहि हा काका जुनाच. स्टीव्हन्सनच्या १८८६ सालच्या 'किडनॅप्ड' या कादंबरींत कंजूष एबेनेझर काका पोरक्या पुतण्याला अंधाऱ्या रात्रीं दिव्यावांचून मनोऱ्यावर पाठवितो. वीज चमकते तेव्हां पोराला दिसतें, कीं पुढें जिनाच नाहीं! हीं पानें मीं मोठेपणीं वाचलीं, तरी तळपायाला घाम आला.

आतां आपल्या घरची गोष्ट. गासपासून वसईचा किल्ला फारसा दूर नाहीं. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं तो पोर्तुगीजांकडून घेतला. पुढच्याच वर्षीं बाजीराव वारले, तेव्हां एकोणीस वर्षांच्या नानासाहेबांना पेशवाईचीं वस्त्रें मिळावींत म्हणून हाच काका पुतण्याच्या पाठीशीं उभा राहिला, आणि वर्षअखेरीस आपणहि गेला. काका कसा असावा याचें हें उदाहरण. त्या नानासाहेबांचा भाऊ रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा. त्यांच्या काकेपणाची कथा सांगावयास नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यांत गारद्यांनीं अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून केला. 'नारायणरावास धरावें' या हुकुमांत आनंदीबाईंनीं 'ध' चा 'मा' केला ही आख्यायिका. पुराव्यानें ती सिद्ध झालेली नाहीं. पण एका अक्षराच्या बदलानें माणूस मारण्याची ही कल्पना मराठी मनाला अशी कांहीं चिकटली, कीं आज हिशेबांत कोणीं लबाडी केली तरी आपण हंसत 'ध चा मा केला' म्हणतों.

खुनानंतर सात महिन्यांनीं, १८ एप्रिल १७७४ रोजीं, पुरंदरावर नारायणरावांच्या मागें त्यांचा मुलगा जन्मला. सवाई माधवराव तो हाच. चाळीस दिवसांच्या या बाळाला बारभाईंनीं पेशवा केलें. आणि ६ मार्च १७७५ रोजीं, बाळाचा पहिला वाढदिवसहि झाला नव्हता तेव्हां, राघोबादादांनीं सुरतेस इंग्रजांशीं तह करून साष्टी व वसई त्यांना लिहून दिली. एका काकानें जिंकलेली वसई दुसऱ्या काकानें नातवाच्या पाळण्यामागून विकावयास काढली! किल्ल्यावर सहलीला आलेल्या मुलांना मी हें आवर्जून सांगत असें. खाडिलकरांचें 'भाऊबंदकी' (१९०९) आणि प्रभातचा 'रामशास्त्री' (१९४४) यांनीं ही कथा मोठ्यांच्या बाजूनें सांगितली. न्याय, राज्य, कारस्थान. मुलांनीं मात्र तींतून तीनच शब्द उचलले: काका, मला वाचवा.

येथें मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगण्यास मला सुख नाहीं.

पुष्कळ वर्षांपूर्वीं सातवीच्या मुलांची सहल घेऊन मी पुण्यास गेलों होतों. शनिवारवाड्यांत शिरल्यावर मुलांचा खेळ सुरू झाला. एकेकानें तटाशीं जाऊन किंकाळी फोडावयाची, "काका, मला वाचवा!" आणि बाकीच्यांनीं गारदी होऊन धांवावयाचें. ज्याचा आवाज सगळ्यांत केविलवाणा, त्याला टाळ्या. मींहि आडवें आलों नाहीं. इतिहास असा अंगांत भिनला तर बरेंच, असें मला वाटे. एक मुलगा मात्र भिंतीला पाठ लावून उभा. आईबाप दोन्ही नव्हते, काकाकडे राहात होता, एवढें मला ठाऊक होतें. त्याला खेळांत ओढावें म्हणून मी मोठ्यानें म्हणालों, "कां रे, तुझा काका काय राघोबा आहे?"

सारी मुलें हंसलीं. जरा उशिरानें तोहि हंसला. पुढें त्यानेंहि किंकाळी फोडली, आणि टाळ्या त्यालाच मिळाल्या.

वीसेक वर्षांनीं तो मला बाजारांत भेटला. आग्रहानें घरीं घेऊन गेला, चहा दिला, आणि मग सांगितलें. त्या वर्षीं काका त्याला कमरेच्या पट्ट्यानें मारी. रात्रीं माळ्यावर चढवी आणि खालून शिडी काढून घेई. मुलगा अठराचा झाला त्या महिन्यांत काकानें बापाच्या वाडीवरच्या हक्कसोडपत्रावर त्याची सही घेतली. आज त्या जागीं इमारती आहेत. "गुरुजी," तो म्हणाला, "तुम्हीं वाड्यांत विचारलेंत ना, तेव्हां मला वाटलें, ह्यांना कळलें. आतां सांगावें. तोंड उघडणारच होतों. पण सगळीं हंसलीं."

त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. असता तर मला बरें वाटलें असतें.

तेव्हांपासून या प्रकारच्या गोष्टींकडे मी निराळ्या नजरेनें पाहतों. हंसूं दोन जातीचें असतें. स्निकेटच्या गोष्टींत आपण ओलाफला हंसतों. त्याच्या खोट्या मिशा, त्याची नाटकी ऐट, आणि बँकेचा तो कारकुनी गृहस्थ, ज्याला मुलें पुन्हा पुन्हा सांगतात आणि जो प्रत्येक वेळीं खोकून विषय बदलतो. वाचणाऱ्या मुलाला तेथें कळतें, कीं मोठीं माणसें ऐकत नाहींत हा मुलाचा दोष नव्हे. शनिवारवाड्यांत आम्हीं काकाला हंसलों नाहीं. आम्हीं त्या मुलाला हंसलों, आणि सुरुवात मीं केली. खोकून विषय बदलणारा तो बँकवाला पडद्यावर दिसला, कीं मला स्वतःचा चेहरा आठवतो.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आपण मंडळींना हा विषय रुचत नाहीं. मीहि एकत्र कुटुंबांतलाच. माझ्या काकांनीं मला रघुवंश शिकविला, आणि त्यांच्या पायांची धूळ मी आजहि कपाळीं लावीन. परंतु चार चांगले काका असलेल्या घरांत पांचव्याविषयीं मूल बोलूं शकत नाहीं, कारण ऐकणारा म्हणतो, "छे, आपल्या घरांत असें नसतें." केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें २००७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें दिसून आलें, कीं मुलांवरील लैंगिक अत्याचारांपैकीं सुमारें निम्म्यांत अत्याचार करणारा मुलाच्या ओळखीचा व विश्वासांतला असतो. अशा गुन्ह्यांसाठीं २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि कळूनहि न कळविणें हाच त्यांत गुन्हा आहे. अडचणींतल्या मुलासाठीं १०९८ हा दूरध्वनि आहे. मिळकतीपुरतें बोलावयाचें, तर केवळ सांभाळ करतो एवढ्यावरून अज्ञान मुलाची मिळकत विकण्याचा अधिकार १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यानें कोणालाहि दिलेला नाहीं. माझ्या विद्यार्थ्याच्या काकाला हें ठाऊक असावें. म्हणून तर तो मुलगा अठराचा होईपर्यंत थांबला.

हें सारें मीं सूनबाईला सांगितलें तेव्हां ती वाल सोलीत बसली होती. नात झोपाळ्यावर, फोन बाजूला ठेवून तिनें सगळें ऐकलें होतें, हें माझ्या मागाहून ध्यानांत आलें. ती हंसली नाहीं. बराच वेळ पायानें झोपाळ्याला झोका देत राहिली, आणि मग म्हणाली,

"आजोबा, पण मग त्यानें डाव्या हातानें कां नाहीं केली सही?"

सूनबाईचा हात थांबला. मीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. थोड्या वेळानें तिनें वालांची परात सरकवून झोपाळ्यावर जागा केली आणि लेकीला म्हणाली, "लाव पाहूं पुढचा भाग. मीहि बसतें."